पाण्याची नोकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा तुम्ही कशावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, "पाण्याच्या नोकरीवर." त्यांना वाटले, मी गल्लीतल्या व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे घेऊन येते आहे. त्या म्हणाल्या, "अहो, वर्धापनदिन आहे, तक्रारी मासिक सभेत." तर तसे काही नाही. व्हॉल्व्हवाल्याचे आणि आपले जे काय आहे ते मासिक सभेतच बघू.

मी सातवी शिकलेली बाई. भाषण लिहून काढायला मला चार दुपारी लागल्या. ऱ्हस्व-दीर्घ मुलीने सुधारले आहे, बाकीच्या चुका माझ्या.

गेली दोन वर्षे आमच्या माडीवरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. दिंडोरी रस्त्याला पाण्याच्या खात्याच्या ज्या कचेऱ्या आहेत त्यांपैकी एकीत ती कामाला आहे. पहिल्या पावसाळ्यात ती रोज गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी येई आणि मी जिना पुशी. एकदा न राहवून विचारले, "बाई, तू करतेस तरी काय?" ती म्हणाली, "काकू, मी पाणी मोजते." मी म्हटले, "पाणी मोजायला का कुणी पगार देते? आम्ही जन्मभर फुकट मोजले." ती हसली, पण मग जिन्यातच बसून तिने मला तिचे काम समजावून सांगितले. त्यातले मला जेवढे कळले तेवढे तुम्हाला सांगते.

पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची. सगळ्या देशात त्याच वेळी मोजतात, म्हणजे इगतपुरीचा पाऊस आणि येवल्याचा पाऊस एका तराजूत बसतो. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि येवल्याकडे पाचशेच्या आसपास. एका घरात एक सून तुपात नि एक ताकात, तसला प्रकार. मग नदी. पुलावरून नदीच्या रुंदीचे पट्टे पाडतात, वजन लावलेली दोरी सोडून प्रत्येक पट्ट्याची खोली घेतात, आणि पाण्यात एक फिरकी सोडतात. ठरलेल्या वेळात ती किती वेळा फिरली यावरून वेग कळतो. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करायचा आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज मांडायची. झाला नदीचा हिशेब.

वर्तमानपत्रात आपण वाचतो, गंगापूर धरणातून इतके इतके क्युसेक पाणी सोडले. मी नुसता आकडा वाची आणि पान उलटी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे सव्वाअठ्ठावीस लिटर. आपल्या हिशेबाने सांगायचे तर डोळ्याची पापणी लवते न लवते तो दोन हंडे. एकच क्युसेक पाणी दिवसभर वाहिले तर साडेचोवीस लाख लिटरच्या जवळ जाते. हे कळल्यापासून हजार क्युसेक असे वाचले की माझ्या पोटात धस्स होते.

पुराचे माप मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. नाशिकच्या बाईला दुतोंड्या मारुती पुरे. पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला लागले, गळ्याला आले, एवढे कानावर आले की आपण ओळखतो आता सराफ बाजारातल्या दुकानदारांची धांदल सुरू झाली असेल. नारोशंकराच्या घंटेचेही तेच. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी आपण ते डोळ्यांनी पाहिले. मी हे त्या मुलीला जरा तोऱ्यानेच सांगितले. वाटले, हसेल. तर ती म्हणाली, "काकू, आम्ही नदीकाठी खांबावर फूट-इंच रंगवतो, ती तुमच्या मारुतीचीच धाकटी भावंडे."

आणखी एक गंमत. ऊन किती पाणी पिते तेही मोजतात. चार फूट व्यासाची, वीतभरापेक्षा किंचित खोल अशी एक मोठी परातच म्हणा ना, उघड्यावर भरून ठेवतात आणि रोज किती उणे झाले ते बघतात. पक्ष्यांनी पिऊ नये म्हणून वर जाळी. आणि गाळ. गंगापूर धरण मुळात ७,२०० दशलक्ष घनफुटांचे. आज त्याची क्षमता ५,६३० धरतात, कारण ताकाच्या भांड्याच्या बुडाशी साका बसावा तसा तळाला गाळ बसला आहे. आपल्या मेरीत, म्हणजे १९५९ साली इथे नाशिकला सुरू झालेल्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, उपग्रहावरून काढलेल्या चित्रांवरून हा गाळ अजमावतात. पाण्याची पातळी अमुक असताना पूर्वी पाणी कुठवर पसरे आणि आता कुठवर पसरते, त्या फरकावरून. मी पंचवटीत जन्म काढला म्हणा, मेरीवरून शंभर वेळा रिक्षाने गेले असेन. आत काय चालते ते मला बेचाळिसाव्या वर्षी, जिन्यात बसून कळले.

पाण्याच्या या शास्त्राशी आपल्या गावाचा संबंध तसा जुना आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, ते पहिल्यांदा आपल्या नाशिकला. पुढे खानदेशात पांझरेवर नळातून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी केले. तिकडे चाळीसगावचे माधवराव चितळे हे धरणांची कामे करीत करीत दिल्लीत केंद्र सरकारचे जलसंपदा सचिव झाले. १९९३ साली पाण्याच्या कामासाठी स्टॉकहोमला जगातला मोठा सन्मान दिला गेला, तो त्यांना. ही मोठी माणसे. पण मला मनातून ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते माझे आजोबा. त्यांना सही येत नव्हती.

माझे माहेर बागलाणात, मोसम नदीच्या खोऱ्यात. तिकडे फडाची पद्धत आहे, चारशे वर्षांची तरी असेल म्हणतात. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात सगळ्यांचे एकच पीक, यंदा ऊस तर पुढे दुसरे काही. खरी अक्कल पुढे आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडले की पंच बसून ठरवीत, यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. कोरड पडली तर सगळ्यांनाच थोडी थोडी पडे. वरच्याचे हिरवे आणि खालच्याचे वाळले, असे होत नसे.

त्या पाटावर आजोबा पाटकरी होते. पाळीप्रमाणे बारे धरून ज्याचे त्याच्या शेतात पाणी सोडणे, हे त्यांचे काम. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पगार म्हणजे सुगीला प्रत्येक घरून धान्य. घड्याळ नव्हते. रात्रीची पाळी ते तिकांड्यावरून आणि चांदण्यांवरून मोजीत. पाटात पाणी कसे चालले आहे ते बघायला बाभळीखाली पाण्यात वाळकी काडी टाकत आणि ती वळणावरच्या धोंड्यापर्यंत जाईतो आकडे म्हणत. मी लहानपणी भाकरी घेऊन गेले की ती काडी टाकायचे काम माझे. मला तो खेळ वाटे. हे मी माडीवरच्या मुलीला सांगितले तर ती उठून उभीच राहिली. म्हणाली, "काकू, हे आम्हाला पुस्तकात शिकवतात! तरंगती वस्तू सोडून वेग काढायचा, फक्त वरचे पाणी जास्त पळते म्हणून थोडे कमी धरायचे." आजोबाही थोडे कमीच धरीत. का धरीत ते त्यांनी कधी सांगितले नाही, आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

एका उन्हाळ्यात पाणी फार ओढले. रात्री माझ्या आत्याच्या यजमानांची पाळी संपली आणि आजोबांनी बारे मोडून पुढच्याला दिले. दोन सऱ्या राहिल्या होत्या. आतोबा म्हणाले, "मामा, घरचेच आहे, दोन सऱ्यांनी काय होते?" आजोबा काही बोलले नाहीत, फावडे उचलले आणि पुढे गेले. आतोबा वर्षभर आमच्या घरी जेवले नाहीत. दिवाळीला आत्या एकटी आली. आजीने आजोबांना पुष्कळ बोल लावले. ते एवढेच म्हणाले, "पुढचा झोपलेला होता. जागा असता तर एक वेळ त्याला विचारले असते."

पुढे मोसमवर वर हरणबारीचे धरण झाले आणि पाटाच्या पाण्याचे दिवस बदलले. ती वेगळी कथा.

ओझरकडे माझ्या नणंदेचे सासर. तिकडे वाघाड धरणाचा कालवा येतो, आणि ही गावे कालव्याच्या अगदी टेलला. वरच्यांनी हवे तितके घ्यावे आणि खालच्यांनी कालव्याची कोरडी भिंत बघावी, असे कितीतरी वर्षे चालले. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९१ च्या सुमारास शेवटाकडच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी एकरावर न घेता मोजून, घनफुटांवर घ्यायचे, आणि संस्थेने आपसांत वाटायचे. बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी भरायच्या. पुढे वाघाडवर अशा चोवीस संस्था झाल्या आणि २००३ नंतर सगळ्या प्रकल्पाचेच पाणी शेतकरी वाटू लागले. नणंद म्हणते, "वहिनी, आमच्या भागातली द्राक्षे लोक बघतात, पण आधी ती पाण्याची वही बघावी."

त्या वहीत नणंदेचे नाव नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे लाभक्षेत्रात ज्याच्या नावावर जमीन तो पाणी वापर संस्थेचा सभासद. सातबाऱ्यावर दादांचे, म्हणजे तिच्या यजमानांचे नाव. कोणत्या मोटारीला किती वेळ लागतो, विहिरीचे पाणी कितव्या पायरीला आले की मोटार बंद करावी, हे सगळे तिच्या डोक्यात. सभेची सूचना मात्र दादांना येते, आणि सभेला जाण्याआधी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिला विचारून जातात. हे मी आजच बोलले असे नाही, त्यांच्या तोंडावरही बोलले आहे. नाव लावून घेतो म्हणाले आहेत. बघू.

आता एक कडू गोष्ट सांगते, रागावू नका. २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावे. २०२३ च्या नोव्हेंबरात तसे पाणी सोडले तेव्हा आपल्या भिशीत काय काय बोलणे झाले ते तुम्हाला आठवते. मीही बोलले. आमचे पाणी पळवले म्हणाले. घरी आल्यावर भाकरी थापताना एकदम आजोबांचे फावडे आठवले. पैठणची बाई त्या वेळी झोपलेली नव्हती इतकेच, पण पाटाच्या टेलला होती खरी. द्राक्षवाल्यांचे म्हणणेही मला कळते, माझी नणंदच त्यांत आहे. कुणाचे किती, हे माझ्यासारखीने सांगू नये. पण ते मोजणारे माणूस डोक्याने थंड आणि हाताने सच्चे असले पाहिजे, एवढे मला कळते. त्याला घरचे आणि परके असून चालत नाही.

या चैत्रात आमच्या माडीवरच्या मुलीला त्र्यंबकच्या पलीकडे एका पाड्यावर जायचे होते. सोबतीला बाईमाणूस बरे, म्हणून मला घेऊन गेली. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटते आणि शिमगा झाला की हंड्यांची रांग लागते. असे का, तर खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, पळून जाते. झाडाखाली तिच्यासोबत आलेले साहेब खुर्चीवर बसले आणि पुरुष मंडळींना विचारू लागले, विहीर किती महिने टिकते. पुरुष म्हणाले, वैशाखापर्यंत टिकते. साहेबांनी लिहून घेतले.

आम्ही दोघी विहिरीवर गेलो. तिने एका म्हातारीला निराळाच प्रश्न विचारला. "आजी, दोर किती लागतो?" म्हातारीने हात पसरून दाखवले. दिवाळीला चार हात. संक्रांतीला सात. होळीला अकरा. पाडव्याला दोर तळाला टेकतो. मग पुढे? पुढे एकीने खाली उतरायचे आणि वाटीने हंडा भरायचा. बाकीच्या बायकांनीही तेच आकडे सांगितले, कुठे एखाद्या हाताचा फरक. एक म्हणाली, माझी सासू आली तेव्हा होळीला सात हात लागे.

त्या मुलीने सगळे वहीत उतरवले. परतताना मला म्हणाली, "काकू, भूजलवाले विहिरीची पातळी वर्षातून चार वेळा घेतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. या बाईने मला दिवाळी, संक्रांत, होळी आणि पाडवा सांगितला. आणि वर तिच्या सासूच्या काळचेही सांगितले, ते तर कुठल्याच कागदावर नाही." घरटी माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी द्यावे असे जलजीवन योजनेत धरले आहे, म्हणजे माणशी चार हंडे. त्या विहिरीवर मी स्वतः बसून बघितले. एक हंडा भरायला वीस मिनिटे लागत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण निराळे होते. माझी मुलगी बारावीला. तिने महिनाभर आधी सांगितले होते की तिला स्थापत्य शिकून पाण्याच्याच कामात जायचे आहे. माडीवरच्या ताईचे बघून. आमचे थोरले भाऊजी म्हणाले, "धरणावर, रानोमाळ, चार पुरुषांत पोरगी एकटी? बँकेची परीक्षा द्या." तिचे वडील गप्प राहिले. आणि मी, मैत्रिणींनो, मी भाऊजींच्या बाजूने बोलले होते. मला लग्नाची काळजी. उन्हात रापलेली मुलगी कोण करून घेईल, हे वाक्य माझ्या तोंडून गेले आहे. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

विहिरीवरून आल्यावर मी तिला एवढेच विचारले, की यासाठी काय काय शिकावे लागते. तिने सगळे पाठ केलेले होते. स्थापत्याची पदवी किंवा पदविका. मग लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन अभियंता होता येते, किंवा रुडकीला जलविज्ञान पुढे शिकता येते. ज्याला दगडामातीची आवड त्याने भूगर्भशास्त्र घ्यावे, म्हणजे भूजलाच्या कामात जाता येते. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेती अभियांत्रिकी आहे, त्यात मृद आणि पाणी शिकवतात. मोजणीदार, कालवा निरीक्षक अशाही जागा निघतात, त्या खात्याच्या परीक्षेतून. तुमच्या घरी कुणी मुलगी असेल तर म्हणून एवढे सविस्तर सांगते. कालवा निरीक्षक हा शब्द ऐकला तेव्हा मला हसू आले. म्हणजे पाटकरीच की.

भाऊजींना मी सांगितले, "तिच्या पणजोबांचीच नोकरी आहे, घराण्याबाहेरचे काही नाही." ते म्हणाले, "त्यांना काय मिळाले? जावई तुटला." खरे आहे. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. अर्ज मात्र आम्ही मायलेकींनी भरला आहे. यादी लागायची आहे.

आता शेवटचे आणि कामाचे. माडीवरच्या मुलीला आणखी गावांचे दोर हवे आहेत. आपल्यात त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, सिन्नर, येवला अशी माहेरे असलेल्या बऱ्याच जणी आहेत. तुम्ही लहानपणी ज्या विहिरीवर पाणी शेंदले तिचा दोर कोणत्या सणाला किती हात लागे, आणि आता गेलात की किती लागतो, एवढे आठवून सांगा. आई, सासू हयात असेल तर तिला आधी विचारा, तिचे जास्त जुने असेल. वही मी आणली आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवते. नाव नाही दिले तरी चालेल, गाव आणि दोर तेवढा लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला सांगा, मी लिहून घेते. पोहे व्हायला अजून दहा मिनिटे आहेत.